डब्यातली ताकद आणि ताटातली ताकद



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पूर्वी मधुमेह, गुडघेदुखी आणि मुलांचा खोकला हेच विषय जास्त असायचे. आता त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. आपली मुले-मुली पळू लागली आहेत. कुणी पोलीस भरतीसाठी मैदानावर घाम गाळतो आहे, कुणी साताऱ्याच्या डोंगरातली किंवा मुंबईची मॅरेथॉन डोळ्यांपुढे ठेवून पहाटे फजरनंतर रस्त्यावर उतरतो आहे. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण या पळण्याबरोबर घरात एक डबाही येऊन बसला आहे, आणि त्या डब्याबद्दलच माता-पिता आम्हाला विचारू लागले आहेत.

एक अम्मी लिहितात, "मुलगा एकवीस किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करतो. जिममधल्या सरांनी त्याला अमिनोची पावडर घ्यायला सांगितली आहे, त्याने म्हणे थकवा येत नाही. डबा अडीच हजारांचा आहे आणि दीड महिन्यात संपतो. यांचा पगार मोजका. मुलाला नाही म्हणावे तर त्याचे मन मोडते, हो म्हणावे तर महिन्याचा हिशेब मोडतो. ही पावडर खरोखर गुणाची आहे का?" दुसरे पत्र एका अब्बांचे आहे. त्यांची मुलगी भरतीसाठी आठशे मीटरचा सराव करते, दोन फेऱ्यांतच गळून जाते, आणि मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिलाही हीच पावडर हवी आहे.

दोन्ही पत्रांतला प्रश्न वरवर एकच दिसतो. उत्तरे मात्र दोन आहेत, आणि दुसरे उत्तर पहिल्याहून महत्त्वाचे आहे. म्हणून या महिन्यात हा विषय जरा सविस्तर घेऊ.

डब्यात असते तरी काय?

आपण जे प्रथिन खातो, मग ते मटणातले असो, डाळीतले असो की दुधातले, ते पोटात गेल्यावर लहान लहान तुकड्यांत फुटते. हे तुकडे म्हणजे अमिनो आम्ले. शरीरातली प्रथिने अशा वीस आम्लांनी बनलेली असतात. त्यांतली नऊ मोठ्या माणसाचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. या नऊपैकी तीन, म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन, यांची रचना झाडाच्या फांदीसारखी फुटलेली असते. त्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून बीसीएए म्हणतात. जिममध्ये 'अमिनो' म्हणून जी रंगीत, आंबट-गोड पावडर पाण्यात ढवळून पितात, ती बहुतेक वेळा हीच.

या तिघांची एक खासियत आहे. बाकीच्या बहुतेक अमिनो आम्लांवर प्रक्रिया यकृतात होते, या तिघांवर मुख्यतः स्नायूंत होते. लांब पळताना स्नायू त्यांचा थोडाफार इंधन म्हणूनही वापर करतात. इतकी गोष्ट खरी आहे. तिच्यावरूनच पुढचा दावा उभा राहिला की, ही आम्ले वरून दिली तर थकवा येणार नाही.

ही कल्पना आली कुठून?

ही कल्पना बाजारातल्या कुणी रचलेली नाही, हे आधी सांगितले पाहिजे. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ एरिक न्यूजहोम यांनी १९८७ च्या सुमारास ती मांडली. त्यांचे म्हणणे असे होते की, दीर्घ श्रमातला थकवा केवळ पायांत नसतो, तो मेंदूतही असतो.

ते कसे, हे सोप्या भाषेत पाहू. ट्रिप्टोफॅन नावाचे आणखी एक अमिनो आम्ल आहे. ते रक्तात अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरते. माणूस तास-दोन तास पळत राहिला की शरीर चरबी वापरू लागते आणि रक्तात स्निग्ध आम्ले वाढतात. ही स्निग्ध आम्लेही अल्ब्युमिनवरच बसतात. मग गर्दीच्या एसटीत जे होते तेच होते. नवे प्रवासी बसले, जुने उठले. ट्रिप्टोफॅन मोकळे होते. मेंदूत शिरण्यासाठी जो दरवाजा ट्रिप्टोफॅन वापरते, तोच बीसीएएचाही दरवाजा आहे. एरवी दोघांत चढाओढ असते. पण लांब पळताना बीसीएए स्नायूंत खर्च झालेली असतात, त्यामुळे ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी मिळते. मेंदूत गेल्यावर त्यापासून सेरोटोनिन बनते, आणि ते वाढले की सुस्ती येते, 'आता पुरे' असे वाटू लागते.

मग उपाय सरळच दिसतो. पळताना बीसीएए प्यायला दिली, तर दरवाज्यावर पुन्हा चढाओढ होईल, ट्रिप्टोफॅन कमी आत जाईल आणि थकवा लांबेल. कागदावर ही मांडणी फार सुंदर आहे. पण कागदावर जे पटते ते मैदानावर घडतेच असे नाही. म्हणून ते करून पाहावे लागते.

करून पाहिले तेव्हा

स्वीडनमधल्या संशोधक एव्हा ब्लोमस्ट्रँड यांनी न्यूजहोम आणि इतर सहकाऱ्यांबरोबर हे करून पाहिले. त्यांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅरेथॉन धावणाऱ्या १९३ पुरुषांपैकी काहींना बीसीएए घातलेले पेय दिले, काहींना न घातलेले. सगळ्यांचा मिळून विचार केला तेव्हा दोन गटांच्या वेळेत फरक दिसला नाही. नंतर धावपटूंची वेगवान आणि संथ अशी विभागणी केली. तीन तास पाच मिनिटांच्या आत येणाऱ्यांना काहीच फायदा नव्हता. त्याहून हळू, साडेतीन तासांपर्यंत येणाऱ्यांत मात्र बीसीएए घेतलेल्यांची वेळ थोडी सुधारलेली दिसली.

'पावडरने संथ धावपटू वेगवान होतो' हे वाक्य या एवढ्याशा निष्कर्षातून निघाले आणि दूरवर पोहोचले. इतर संशोधकांनी त्यावर रास्त आक्षेप घेतले. शर्यतीपूर्वी कोण काय जेवले होते, याची बरोबरी केलेली नव्हती. आणि शर्यत संपल्यावर गट पाडून फरक शोधणे म्हणजे बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती निशाणाचे वर्तुळ काढण्यासारखे आहे.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. तीस किलोमीटरच्या शर्यतीनंतर धावपटूंना एक डोक्याची परीक्षा दिली. रंगाचे नाव एका रंगात लिहिलेले, पण ते नाव दुसऱ्याच रंगाचे, अशी ती परीक्षा असते. उदाहरणार्थ, 'लाल' हा शब्द निळ्या शाईत. बीसीएए घेतलेल्यांनी ती बरी सोडवली. १९९७ मध्ये ब्लोमस्ट्रँड यांनीच सात सायकलपटूंवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगात, बीसीएए घेतल्यावर त्यांना श्रम सुमारे ७ टक्के कमी जाणवले आणि मनाचा थकवा सुमारे १५ टक्के कमी जाणवला. पण शेवटच्या वीस मिनिटांत जितकी सायकल जोरात मारता येईल तितकी मारा असे सांगितले, तेव्हा झालेले काम दोन्ही वेळा सारखेच निघाले. म्हणजे थोडे बरे वाटले, पण काम वाढले नाही.

सर्वांत स्पष्ट उत्तर १९९५ मध्ये नेदरलँड्समधून आले. दहा कसलेल्या खेळाडूंना दमून थांबेपर्यंत सायकल चालवायला लावली. एकदा नुसते साखरेचे पाणी, एकदा त्यात ट्रिप्टोफॅन, एकदा थोडी बीसीएए आणि एकदा भरपूर बीसीएए. न्यूजहोम यांची कल्पना लागू पडली असती तर ट्रिप्टोफॅन प्यायल्यावर ते लवकर थकायला हवे होते आणि बीसीएए प्यायल्यावर उशिरा. प्रत्यक्षात चारही वेळा ते जवळपास सारखाच वेळ, सुमारे १२२ मिनिटे, टिकले. भरपूर बीसीएए घेतल्यावर रक्तातला अमोनिया तेवढा वाढला, आणि अमोनिया वाढणे हे काही थकव्याला पळवणारे लक्षण नव्हे.

उन्हाचे काय, असे आपल्याकडचा धावपटू विचारील. तिथेही निकाल एकमुखी नाही. १९९८ च्या एका प्रयोगात कडक उष्ण हवेत बीसीएए घेतलेले लोक जास्त वेळ टिकले. २००४ मध्ये तीस अंशांच्या उष्णतेत दुसऱ्या गटाने तसाच प्रयोग केला, तेव्हा काहीही फरक पडला नाही.

युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये या सगळ्या दाव्यांची छाननी केली. बीसीएएमुळे व्यायामात श्रम कमी जाणवतात, स्नायूंचा थकवा लवकर भरून येतो, हे कार्यकारणाने सिद्ध झालेले नाही, असा निर्णय त्यांनी दिला. ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये पुरवण्यांविषयी मत प्रसिद्ध केले. खेळात थेट उपयोगाचा बऱ्यापैकी पुरावा असलेली पाच नावे त्यांनी दिली, त्यांत बीसीएए नाही. बीटा-अलानिन नावाचे एक वेगळे अमिनो आम्ल त्यांत आहे. पण ते आठवड्यांमागून आठवडे घ्यावे लागते, त्याचा उपयोग अर्ध्या मिनिटापासून दहाएक मिनिटांपर्यंतच्या जोरकस श्रमांना होतो, आणि तोही अगदी थोडा. ज्यांची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाने मोजतात त्यांना तो कामाचा. सराव नुकताच सुरू केलेल्या मुलाला महिनाभराच्या नीट सरावातून त्याच्या कितीतरी पट फायदा होतो.

निष्पक्षपणे एक सांगायला हवे. फार कठीण व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते, ते बीसीएए घेतल्याने काहीसे कमी होते असे काही अभ्यासांत दिसले आहे. म्हणून ही पावडर अगदीच माती आहे असे आम्ही म्हणत नाही. पण 'थकवा येत नाही' म्हणून जी विकली जाते, ती तेवढे काम करते असे सिद्ध झालेले नाही.

मग लांब पळणारा थकतो कशाने?

मुख्यतः इंधन संपल्याने. आपण खाल्लेल्या भात-भाकरीची साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात साठवते. हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो. मॅरेथॉन असते ४२.१९५ किलोमीटरची, आणि हा साठा बहुतेकांना तिसाव्या किलोमीटरच्या आसपास दगा देतो. पाय शिशाचे होतात, डोके चालेनासे होते. धावपटू त्याला 'भिंतीवर आदळणे' म्हणतात.

यावरचा उपाय जुना, स्वस्त आणि तपासून पाहिलेला आहे, तो म्हणजे साखर. तासाभराहून जास्त पळायचे असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत, असे क्रीडा-आहारतज्ज्ञ सांगतात. चार खजुरांत साधारण २० ते २५ ग्रॅम साखर असते. एका मध्यम केळ्यात जवळपास तेवढीच कर्बोदके. एक लिटर पाण्यात ५० ते ६० ग्रॅम साखर, दोन चिमटी मीठ आणि लिंबू पिळले की दुकानातल्या पेयाचे काम घरात होते. मधुमेह असलेल्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

गंमत पुढेच आहे. पळताना साखर मिळत राहिली की शरीर चरबी कमी उपसते, रक्तात स्निग्ध आम्ले कमी येतात आणि ट्रिप्टोफॅन अल्ब्युमिनवरच्या आपल्या जागेवरून उठत नाही. म्हणजे न्यूजहोम यांनी सांगितलेला मेंदूचा थकवा टाळायचा असेल, तरी लिंबू-सरबत तेच काम करते आणि वर इंधनही देते. जे काम दहा रुपयांत होते, त्यासाठी अडीच हजार का मोजायचे?

इंधनानंतर पाणी. घामाबरोबर पाणी आणि मीठ दोन्ही जाते. तहान लागेल तसे प्यावे. पण भीतीपोटी नुसते पाणी ढोसू नये, त्याने रक्तातले मीठ पातळ होऊन जीवावर बेतू शकते. त्यानंतर झोप. रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल आणि पाच वाजता मैदान, या हिशेबात कोणतीही पावडर कमी पडणार.

भरतीची तयारी करणाऱ्यांना एक वेगळे सांगणे आहे. मुलांची १६०० मीटरची आणि मुलींची ८०० मीटरची धाव काही मिनिटांत संपते. वर वर्णन केलेला मेंदूचा थकवा तास-दीड तासाच्या श्रमानंतरचा आहे. एवढ्या छोट्या धावेत तो यायला वेळच नसतो. तेव्हा त्यासाठी बीसीएए घेणे म्हणजे गल्लीच्या टोकाला जायचे आणि मुंबईचे तिकीट काढायचे.

ताटाचा हिशेब

आता त्या अम्मींच्या अडीच हजारांकडे येऊ. पावडरीच्या एका मापात साधारण पाच ग्रॅम बीसीएए असतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिन असते, आणि त्यात ही तीन आम्ले मिळून सव्वा ग्रॅमच्या थोडी वर. म्हणजे चार अंडी झाली की एक माप झाले. मोठा पेलाभर, म्हणजे पाव लिटर दुधात आठ ग्रॅम प्रथिन, त्यातली दीड ग्रॅमच्या वर ही आम्ले. शंभर ग्रॅम भाजलेल्या चण्यांत जवळजवळ वीस ग्रॅम प्रथिन. शेंगदाण्यांत त्याहूनही जास्त.

फरक आणखी एक आहे आणि तो मोठा आहे. डब्यात नऊपैकी तीनच आवश्यक आम्ले असतात. नवा स्नायू बांधायला नऊच्या नऊ लागतात. घर बांधायला नुसत्या विटा आणून चालत नाही, सिमेंट, वाळू, लोखंड सगळे लागते. अंडी, दूध, मासे, मटण यांत सगळे एकत्र येते. डाळीत एका आम्लाची कमी असते ती भातात भरून निघते, आणि भातातली कमी डाळीत. वरण-भात, भाकरी-उसळ, खिचडी हे म्हणूनच शहाणपणाचे जेवण आहे. मोहर्रममध्ये आपल्याकडे होणारा खिचडा घ्या. गहू, डाळी आणि मटण एका भांड्यात शिजलेले. कोणता डबा त्याची बरोबरी करील?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांतही हेच आहे, की प्रथिन चांगल्या अन्नाच्या योग्य जोडीतून घ्या, स्नायू कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा. साध्या माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरते असे आपल्या देशाचे प्रमाण आहे. रोज लांब पळणाऱ्याला ते १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत लागू शकते. साठ किलोच्या मुलाला म्हणजे ७० ते ९५ ग्रॅम. दिवसभरात तीन अंडी, दोन पेले दूध, दोन वेळ डाळ किंवा उसळ, मूठभर शेंगदाणे-चणे आणि एका जेवणात मासा किंवा चिकन, एवढ्यात ते भरते. डब्याच्या पैशांत या ताटातले किती सामान येते, हे गृहिणीला आम्ही सांगायला नको.

रोजे आणि सराव

रमजानविषयीही विचारणा होते. सहेरीला पावडर घेतली तर दिवसभर थकवा येणार नाही का? नाही. रोज्यात खेळाडूला जाणवते ती मुख्यतः पाण्याची आणि साखरेची उणीव, आणि अमिनो आम्ले यांपैकी काहीच भरून काढत नाहीत. २०१२ चे लंडन ऑलिम्पिक रमजानमध्येच आले होते, तेव्हा जगभरातल्या मुस्लिम खेळाडूंपुढे हा प्रश्न उभा राहिला होता. आपल्या घरातल्या मुलांसाठी उपाय सोपा आहे. जोरकस सराव इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी किंवा तरावीहनंतर ठेवावा. दिवसा पळायचेच असेल तर इफ्तारच्या अगोदर थोडा वेळ, हलके. सहेरीत अंडे, दही, डाळ, भाकरी असे रेंगाळून पचणारे जेवण, आणि इफ्तार ते सहेरी पाणी थोडे थोडे करून. चक्कर, धडधड, गोंधळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसली तर सराव तिथेच थांबवावा.

मुलगी दमते तेव्हा

आता त्या अब्बांच्या पत्राकडे. आठशे मीटरला दमणाऱ्या त्यांच्या मुलीसाठी आमचे उत्तर वेगळे आहे. पावडरीचे नाव काढण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासा.

आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे ५७ जणींना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसले. १५ ते १९ वयाच्या मुलींत ते प्रमाण आणखी थोडे जास्त, ५९ आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक. रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसांतला प्राणवायू स्नायूंपर्यंत नेते. तेच कमी असेल तर पायांना प्राणवायू पोहोचणार कसा? मुलगी जिद्दीने पळते, धाप लागते, छाती धडधडते, आणि घरचे म्हणतात 'हिच्यात दमच नाही'. दम असतो, पण रक्तात लोह नसते.

तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात. गोळी जेवणाबरोबरच्या चहासोबत घेऊ नये, चहा लोह शोषू देत नाही, लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी. कलेजी, मटण, पालेभाज्या, नाचणी, भिजवलेली कडधान्ये ताटात यावीत. पाळीत रक्तस्राव फार होत असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही. लोह भरून यायला महिने लागतात, म्हणून भरतीच्या तारखेची वाट न पाहता आजच सुरुवात करावी.

मुलगा असो की मुलगी, पुरेसे खाऊन-झोपूनही दोन-तीन आठवडे थकवा जात नसेल, वजन उतरत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, तर डबा नव्हे, दवाखाना गाठावा. थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग हे आजार थकव्याच्या वेशातच घरात शिरतात. पावडर घेऊन 'बघू महिनाभर' म्हणण्यात तो महिना वाया जातो, आणि खरे नुकसान तिथे होते.

डब्यातला धोका

'फायदा नसला तरी तोटा तर नाही ना?' असे काही वाचक म्हणतील. बहुतेक निरोगी माणसांना माफक प्रमाणात तोटा होत नाही, हे खरे. पण अन्नाचाच घटक आहे म्हणून डोळे झाकून विश्वास टाकू नये, हे सांगणारी एक घटना घडून गेली आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत झोप आणि मनःस्वास्थ्यासाठी ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेणाऱ्या लोकांना स्नायूंच्या असह्य वेदना सुरू झाल्या. पंधराशेहून अधिक लोक आजारी पडले, निदान ३७ जण दगावले. शोध घेतल्यावर बोट जपानमधल्या एकाच उत्पादकाच्या मालाकडे गेले. त्या मालात अशुद्धी सापडल्या. दोष आम्लाच्या नावात नव्हता, ते बनवण्याच्या रीतीत होता. आणि ते घेणाऱ्याला डब्यावरून कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

दुसरा धोका भेसळीचा. २००० ते २००१ या काळात जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने तेरा देशांतून घेतलेल्या ६३४ पुरवण्या तपासल्या. त्यांतल्या ९४ मध्ये, म्हणजे जवळजवळ पंधरा टक्क्यांत, लेबलवर न लिहिलेले संप्रेरकजन्य पदार्थ निघाले. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या मुलाच्या लघवीत असे काही सापडले तर 'मला माहीत नव्हते' हे उत्तर चालत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूवरच असते. वर्षांची मेहनत एका चमच्यात जाऊ शकते.

मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी, गर्भवती व स्तनपान करणाऱ्या भगिनींनी, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी ही पुरवणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. अठराच्या आतल्या मुलांना तिची गरजच नाही.

घ्यायचीच असेल तर

घरातला कुणी प्रशिक्षकाच्या आणि आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली स्पर्धात्मक खेळात असेल आणि त्यांनी सांगितले असेल, तर काही गोष्टी पाहून घ्याव्यात.

डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का, उत्पादन आणि मुदतीची तारीख आहे का, ते वाचावे. सुट्या पाकिटातली, जिममध्ये हातोहात विकली जाणारी पावडर घेऊ नये.

घटकांची यादी पूर्ण वाचावी. 'खास मिश्रण' असे लिहून प्रमाण लपवलेले असेल तर तो डबा तिथेच ठेवावा.

हलालचा प्रश्नही आपल्यासाठी आहे. कॅप्सूलचे जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते, आणि जगात डुकराच्या जिलेटिनचा वापर मोठा आहे. काही अमिनो आम्ले पिसे किंवा केस यांपासून काढली जातात, काही वनस्पतिजन्य कच्च्या मालावर किण्वन करून बनवतात. लेबलवर स्रोत लिहिलेला नसेल तर कंपनीला विचारावे, आणि उत्तर मिळाल्यावर त्याचा शरई निर्णय आपल्या भागातल्या जाणकार आलिमांकडून घ्यावा. तो अधिकार आमचा नाही.

आणि शेवटी, मुलाशी भांडू नये. 'हे सगळे थोतांड आहे' म्हणून डबा हिसकावला तर तो दुसरीकडे लपवून ठेवील. त्याऐवजी त्याच्याबरोबर बसून एक करार करावा. आठ आठवडे पावडर बंद. डब्याचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवायचे आणि त्यांतून त्याची अंडी, दूध, खजूर, केळी आणायची. रात्री दहाला मोबाइल बाहेरच्या खोलीत. लांब धावेच्या दिवशी कमरेला खजुराची पुडी आणि सरबताची बाटली. दर रविवारी त्याच रस्त्यावरची वेळ वहीत लिहायची. आठ आठवड्यांनी त्या वहीत काय दिसते, ते त्यानेच वाचावे. तरुण मुले वडीलधाऱ्यांचे ऐकोत न ऐकोत, घड्याळाचे ऐकतात.

मैदानावर उतरलेल्या आपल्या सर्व मुला-मुलींना अल्लाह निरोगी शरीर आणि खरी हिंमत देवो. पुढच्या महिन्यात इन्शाअल्लाह मुलींमधल्या रक्तक्षयाविषयी सविस्तर लिहू. तुमच्या शंका त्याआधी आम्हाला जरूर कळवा.